झाकलेले पाय

माझ्या लेकीचे पाय बाहेरच्या कुणाला दाखवायचे नाहीत, असा आमच्या घरात नियम होता. तोंड दाखवा, हात दाखवा, जावळ दाखवा, पाय नाही. नियम माझ्या सासऱ्यांनी केला होता आणि त्याचं कारण त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सासऱ्यांना मी मामा म्हणते, सासूला आत्या. मामा तरुणपणी पैलवान होते, आता गावच्या जत्रेतल्या कुस्त्यांचे पंच आहेत, आणि पंचाचा निकाल घरातही तसाच चालतो. एकदा हात वर केला की संपलं. लग्न होऊन आले तेव्हा मला त्याचं हसू यायचं. पायांच्या नियमाचं हसू मात्र मला एकदाही आलं नाही.

आमचं गाव आष्टी तालुक्यात, कडा गावाच्या अलीकडे. लेक आठवा महिना लागता लागताच झाली. "सातव्याचं जगतं, आठव्याचं न्हाई," असं आमच्याकडे बायका बाळंतिणीच्या उशाशी बसून खुशाल बोलतात. मी तेव्हा नगरच्या दवाखान्यात होते म्हणून ते ऐकायची वेळ आली नाही, नाहीतर टाक्यांसकट उठून एकेकीला बाहेर काढलं असतं. माझं तोंड पहिल्यापासून फटकळ. लेक काचेच्या पेटीत होती, नाकात नळी, हाताला सुई, पाय माझ्या बोटाएवढे. पेटीच्या भोकातून हात घालून मी तिच्या तळव्याला बोट लावायचे आणि ती पाय ओढून घ्यायची. ते ओढून घेणं मला फार आवडायचं. आहे, जिवंत आहे, एवढं त्यातून कळायचं.

घरी सोडताना डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. बाळ जोखमीचं आहे. वजन वाढेल, दूध पिईल, हसेल. पण इतक्या लवकर जन्मलेल्या बाळाच्या मेंदूला कुठे इजा झाली असेल तर ती आज दिसत नाही, पुढे हातापायांत दिसते. लवकर कळलं तर पुष्कळ काही करता येतं, उशीर झाला तर हातातलं निसटतं. म्हणून दर मंगळवारी दवाखान्यातल्या फिजिओथेरपीच्या मॅडम व्हिडिओ कॉल करतील. बाळाला हात लावायचा तो तुम्ही, बघणार आणि सांगणार त्या.

नगरला दर आठवड्याला एवढंसं लेकरू घेऊन एसटीने जाणं म्हणजे त्याला एका दुखण्यातून दुसऱ्यात घालणं. फोनवर होतंय म्हटल्यावर मला देव पावल्यासारखं झालं. नवरा टँकरवर ड्रायव्हर; आज गुजरात, उद्या कर्नाटक. घरात मी, मामा, आत्या आणि लेक.

घरात रेंज येत नाही. स्लॅबवर पाण्याच्या टाकीशेजारी येते, तीही टाकीच्या उगवतीच्या बाजूलाच. तिथे सतरंजी टाकायची, बादली पालथी घालायची, तिला फोन टेकवायचा. मामा लेकीला छातीशी धरून जिना चढायचे आणि टाकीला पाठ लावून बसायचे. कुस्ती बघायला बसतात तसेच, दोन्ही हात गुडघ्यांवर.

मॅडम माझ्याच वयाच्या असतील. मांडीवर एक कापडी बाहुली घेऊन बसायच्या आणि आधी तिच्यावर करून दाखवायच्या. पहिल्याच कॉलला त्यांनी मला एक गोष्ट बजावली. "ताई, मला बाळाला हात लावता येत नाही. तुम्ही जे दाखवाल तेवढंच मला कळणार. घर कसं आहे, बाळाने कपडे कुठले घातलेत, ते मी बघत नाही. काही लपवू नका."

मी म्हटलं, "नाही लपवणार." माझ्या शेजारी मामांनी लेकीच्या पायांवर दुपटं सारखं केलं.

सुरुवात चांगली झाली. लेकीला माझ्या छातीवर पालथं ठेवायचं आणि मी तिच्याशी बोलायचं, म्हणजे ती मान उचलेल. मला बोलायला सांगितल्यावर काय, मी सगळ्या गावाच्या कागाळ्या तिला सांगितल्या. ती मान उचलून ऐकायची. मुठी कायम आवळलेल्या असायच्या. त्या कशा उघडायच्या, करंगळीच्या बाजूने हळूच हात चोळत कसं जायचं, ते मॅडमनी शिकवलं. मुठी सैल पडायला लागल्या. एक दिवस तिने माझं मंगळसूत्र धरलं आणि सोडेना, तेव्हा मी स्लॅबवरच रडले. मॅडमही हसत होत्या. मग त्या म्हणाल्या, "आता जरा पाय बघू या."

मामा घसा खाकरून म्हणाले, "म्याडम, वारं लई हाय वर. पुढल्या बारीला."

पुढल्या बारीला घामोळं आलेलं होतं. त्याच्या पुढच्या बारीला लेक नुकतीच झोपलेली होती. गुडघ्यापर्यंत मोजे, त्यावर पायजमी, त्यावर दुपटं, दोन्ही घोट्यांना काळा दोरा. भर उन्हात लेकरू घामाघूम व्हायचं. मी खाली आल्यावर मामांना विचारलं, "मामा, कावून झाकायचे पाय? त्या डॉक्टरच हायत."

"पाय म्हंजी पैलवानाची इस्टेट," मामा हसत म्हणाले. "ती सगळ्यांना उघडी करून दाखवायची नसती, सूनबाई."

त्यात कौतुकही होतं, हे मला कळत होतं. कारण घरात, दार लावून, मामा जे करायचे ते मी बघत होते. लेकीला तिच्या बगलेत हात घालून उभं करायचे. तिचे तळवे जमिनीला लागले की पाय खटकन ताठ व्हायचे, गुडघे एकदम कुलूप लागल्यासारखे. मामा हात सैल सोडायचे आणि ती उभी. मान नुकती धरायला लागलेलं लेकरू, अजून बसत नव्हतं, कुशीवर वळत नव्हतं, आणि उभं राहायचं! मग मामा तिला उजव्या तळहातावर उभं करायचे, दुसरा हात पाठीशी. "बघ, कशी पाय रोवती! लई ताकद हाय, लई!" त्यांचे डोळे चमकायचे. आणि मग, दर वेळी, ते दाराकडे बघायचे, कडी लागलीय ना म्हणून. आत्या मात्र चुलीपुढून उठून मागच्या दाराने बाहेर जायच्या. लेक तळहातावर उभी राहिली की आत्या घरात थांबायच्या नाहीत, हे माझ्या हळूहळू लक्षात आलं.

मलाही आधी बरंच वाटलं होतं. आठव्यात झालेलं, काचेच्या पेटीत वाढलेलं लेकरू उभं राहतंय, कुठल्या आईला वाईट वाटेल? पण मी तिला रोज अंघोळ घालत होते. पायांवर घेऊन पाणी घालताना मांडीचे सांधे धुवायचे तर मांड्या उघडायच्या नाहीत. लंगोट बांधायला दोन्ही गुडघे धरून फाकवावे लागायचे, आणि सोडले की पुन्हा मिटायचे, उजवा पाय डाव्यावर. आणि ती उभी राहायची ती चवड्यावर. टाच कधीच टेकायची नाही. मी एकदा तिच्या टाचेखाली बोट घातलं. बोट आरपार गेलं.

मी हे मॅडमना तोंडी सांगितलं. जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून, रेंज तुटत असताना, हळू आवाजात.

"ताई," त्या म्हणाल्या, "मला हे ऐकून चालणार नाही. मला ते बघायचंय. पुढच्या मंगळवारी पाय उघडे हवेत. पूर्ण. काहीही कारण सांगू नका." एरवी मऊ बोलणाऱ्या बाईचा तो आवाज नव्हता. "वेळ जातोय," एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

त्या दिवशी मी मामांशी भांडले. सासऱ्यांशी भांडायची आमच्याकडे रीत नाही, पण रीतीने वागून माझ्या लेकीचे गुडघे वाकणार नव्हते. मी म्हटलं, मॅडम काही बाजारातल्या बाया नाहीत, टोकून नजर लावायला. मी म्हटलं, तिचे पाय ताठतात ते मला बरं दिसत नाही. मामा ऐकून घेत होते, पण पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मी म्हटलं, "माझं लेकरू हाय. मी दाखवणार."

मामा उठले. ते कधी ओरडत नाहीत, त्याचीच भीती वाटते. "फोनात कोण कोण बघतं, तुला ठाव हाय का? एकडाव नजर लागली ना सूनबाई, मंग त्या म्याडम न्हाईत येणार तिला उचलायला." त्यांनी दाराची कडी पुन्हा चाचपली. माझ्यावर चिडून नव्हे. मामा घाबरलेले होते. आडदांड माणूस, आयुष्यभर लोकांना चीत केलेला, आणि तो एका फोनला घाबरला होता. ते बघून माझी भीती दुप्पट झाली.

नवऱ्याला फोन केला. तो टँकर बाजूला लावून बोलत होता, मागे गाड्यांचा आवाज. सगळं ऐकून म्हणाला, "आबांचं ऐक ना जरा." मामांना तो आबा म्हणतो. मी म्हटलं, का ऐकू? तर म्हणाला, "घरातल्या काही गोष्टी असतात." आणि पुढे बोलेना. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालं माझं. सगळ्यांना काहीतरी माहीत होतं आणि माझ्या लेकीच्या पायांपाशी येऊन सगळे गप्प बसत होते.

जत्रा जवळ आली. आमच्या भैरोबाच्या जत्रेला कुस्त्यांचा हगामा भरतो, लांबलांबचे पैलवान येतात. मामांची घरात नुसती गडबड. पाहुण्यांसाठी मोठी पातेली काढायला आत्यांनी मला माळ्यावर चढवलं. पातेल्यांच्या मागे, गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी होतं. मी ओढलं तर पांगुळगाडा निघाला. लाकडी, तीन चाकांचा, लेकरं धरून चालायला शिकतात तो. जुना, काळा पडलेला, धरायची दांडी हातांनी गुळगुळीत व्हायला हवी ती खरखरीत. मी चाकांवरून बोट फिरवलं. सुताराने रंध्याने काढलेल्या रेघा अजून तशाच होत्या. इतका जुना गाडा, आणि चाकं एकदाही जमिनीवरून फिरलेली नव्हती.

मी तो खाली घेऊन आले. आत्यांनी बघितला आणि हातातली परात तशीच खाली ठेवली.

"कुणाचा हाय ह्यो?" मी विचारलं.

"ठेव वर."

"आत्या, कुणाचा?"

त्या दाराशी जाऊन बाहेर बघून आल्या. मामा हगाम्याचं मैदान बघायला गेलेले होते. मग त्या माझ्याजवळ भुईवर बसल्या आणि गाड्याकडे न बघता बोलायला लागल्या.

"माझा धाकटा दीर व्हता. मी लगीन होऊन आले तवा दहाएक वर्साचा आसंल. न्हाणीपाशी उन्हात पडलेला आसायचा. मला वयनी म्हणायचा, पर त्याचं बोलणं मलाच कळायचं. मी त्याला दुधात भाकर कुस्करून चारायची. पाय आसे, एकावर एक, ताठ. धुवायला सोडवायचे म्हणलं तरी सुटायचे न्हाईत."

माझ्या मांडीवर लेक होती. मी तिच्या गुडघ्यांवर हात ठेवला.

"सासूबाई सांगायच्या, समद्या लेकरांत ह्योच ताकदीचा व्हता. बसायच्या आधी उभा राह्यचा, ताठ! तुझ्या मामांच्या बापाला लई कवतिक. जत्रंत नेलं, हगाम्यात मधोमध, आन तळहातावर उभा केला. समद्या गावानं टाळ्या वाजिवल्या. तिथंच नजर लागली बघ. त्याच्या पुढं ते लेकरू बसलं न्हाई का चाललं न्हाई. ह्यो गाडा तवाच करून आणल्याला, जत्रंच्या आधी."

"आणि मग?"

"मंग काय. ऐन इशीत गेला. त्याचं नाव घरात काढायचं न्हाई." आत्यांनी पदराने नाक पुसलं. "त्याला खांद्यावर घिऊन हगाम्यात कुणी नेलतं, ठाव हाय? तुझ्या मामांनी. पोरसवदा व्हते. आईनं सांगितलतं, नगं नेऊ, म्हून. ह्यांनी नेलं. त्या दिसापासून त्या माणसाच्या मनात एकच हाय. मी नेला, म्हून गेला."

मला मामांची दया आली, आणि त्याच क्षणी रागही आला, इतका की गाडा उचलून भिंतीवर मारावा. पण या दोन्हींच्या खाली तिसरं काहीतरी होतं, थंडगार. आत्या सांगत होत्या की लेकरू उभं राहिलं आणि मग ताकद गेली. मला मात्र आधी आणि मग असं काही ऐकूच येत नव्हतं. मला फक्त एवढंच ऐकू येत होतं: बसायच्या आधी उभा राहायचा, आणि पाय एकावर एक.

मी म्हटलं, "आत्या, मंगळवारी मी हिचे पाय दाखवणार. तुमी अडवणार का?"

त्यांनी गाडा गोणपाटात गुंडाळला. मग म्हणाल्या, "फोन कसा धरायचा आसतो त्यो?"

मंगळवार नेमका जत्रेचा आला. मामा सकाळीच पंचाचा फेटा बांधून निघाले. जाताना मला म्हणाले, "आज वर जायचं न्हाई. हगामा बघाया समदा गाव सलाबावर चढल्याला आसतो. समद्यांना दिसंल." मी मान हलवली. कुठल्या बाजूला हलवली ते त्यांनी बघितलं नाही.

हलग्या सुरू झाल्या तेव्हा आम्ही वर गेलो. आत्यांचे गुडघे दुखतात, एकेक पायरी बसून त्या चढल्या. आजूबाजूच्या स्लॅबवर माणसंच माणसं होती, बाया, पोरं, पाहुणे. मैदान पाराच्या पलीकडे, तिथून धुरळा उठत होता. आमच्या स्लॅबवरून मैदान दिसतं, म्हणजे मैदानातूनही आमचा स्लॅब दिसतो, हे मी विसरले नव्हते. मी टाकीच्या उगवतीला सतरंजी टाकली. लेकीची पायजमी काढली, मोजे काढले. काळे दोरे राहू दिले. आत्यांनी फोन दोन्ही हातांनी धरला, आरतीचं ताट धरतात तसा.

मॅडम म्हणाल्या, "मागे कसला आवाज आहे?"

"जत्रा आहे. तुम्ही बघा."

"उताणी ठेवा. आता हळूच गुडघे बाजूला करा. जोर नको. सोडा." पाय मिटले. उजवा डाव्यावर. "पुन्हा एकदा." पुन्हा तेच. "पाऊल वरच्या बाजूला वळवा, हळू. हं. थांबा. दुसरं." त्या एरवी मधेमधे शाबासकी द्यायच्या. आज देत नव्हत्या. "आता बगलेत धरून उभं करा. तळवे टेकू द्या."

मी टेकवले. पाय खटकन ताठ झाले, एकमेकांवर गेले, आणि लेक चवड्यावर उभी राहिली. शेजारच्या स्लॅबवरची एक बाई मोठ्याने म्हणाली, "अगं बया, एवढंसं लेकरू उभं राह्यलं की!" आणि कुणीतरी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांनी माझ्या अंगावर काटा आला.

मी स्क्रीनकडे बघितलं. मॅडमनी मांडीवरची बाहुली बाजूला ठेवली होती.

"खाली ठेवा, ताई," त्या म्हणाल्या. "नीट ऐका. मी फोनवरून आजाराचं नाव सांगणार नाही, ते डॉक्टर तपासून सांगतील. या आठवड्यात नगरला यायचंच. पण ही ताकद नाही. ताकदीचे पाय ताठही होतात आणि वाकतातही. हिच्या पायांना सैल सोड म्हणून जो निरोप मेंदूकडून जायला हवा, तो पोहोचत नाहीये."

जिन्यात पावलं वाजली. मामा वर आले. फेट्यावर गुलाल, धोतरावर मैदानातली माती. हलगी वाजतच होती. पंच मैदान सोडून आला होता. त्यांनी उघडे पाय बघितले. शेजारच्या स्लॅबवर टकमक बघणारी माणसं बघितली. आत्यांच्या हातातला फोन बघितला. मी लेकीच्या पुढे बसले आणि हलले नाही. मामांनी गळ्यातलं उपरणं काढलं आणि तिचे पाय झाकायला वाकले.

"बाबा, झाकू नका," फोनमधून मॅडम म्हणाल्या.

"म्याडम, तुमाला ठाव न्हाई." मामा म्हणाले. "माझा भाऊ आसाच उभा राह्यचा. मी त्याला जत्रंत नेला. समद्यांनी बघितला. माझ्या खांद्यावरून नेला आन खांद्यावरूनच परत आणला. त्येच्या पुढं तो उभा न्हाई राह्यला."

मॅडम स्क्रीनच्या जवळ आल्या. "बाबा, आठवून सांगा. जत्रेच्या आधी, तो उभा राहायचा तेव्हा टाचा टेकायच्या का?"

मामांनी स्वतःचा उजवा तळहात बघितला. मग डाव्या हाताची दोन बोटं त्यावर उभी केली, टोकांवर.

"न्हाई," ते म्हणाले. "चवड्यावर. माझा बाप म्हणायचा, नाचऱ्या घोड्यावानी उभा राहतो."

"मांड्या उघडायच्या? लंगोट बांधताना?"

"आई वैतागायची. म्हणायची, काय कुलूप घातलंय ह्यानं." आणि बोलता बोलता त्यांना ते कळलं. मी बघत होते, त्यांच्या तोंडावर कळत गेलं.

"मग ते जत्रेच्या आधीपासूनच होतं, बाबा," मॅडम म्हणाल्या. "ताकद कुणी काढून घेतली नाही. ते उभं राहणं हीच त्याची पहिली खूण होती. तुम्ही नेलंत म्हणून काही झालेलं नाही."

मला वाटलं मामांना हायसं वाटेल. एवढ्या वर्षांचं ओझं. पण ते सतरंजीवर बसले ते कोसळल्यासारखे, आणि त्यांनी जे विचारलं ते विचारायची माझी छाती झाली नसती.

"मंग तवा जर कुणी सांगितलं आसतं, म्याडम... चालला आसता का तो?"

मैदानात कुणीतरी चीत झालं होतं, सगळीकडून आरोळी उठली. आत्यांनी फोन मामांच्या तोंडापुढे नेला.

"माहीत नाही, बाबा," मॅडम म्हणाल्या. "कदाचित. पण लवकर हात लागला असता तर तो असा आकसून गेला नसता, एवढं मी सांगू शकते." मग त्यांचा आवाज पुन्हा कामाचा झाला. "आता इकडे बघा. आजपासून हिला उभं करायचं नाही. तळहातावर नाही, पांगुळगाडा नाही. घ्यायचं ते कडेवर, दोन्ही बाजूंना पाय टाकून. निजवताना मांड्यांमध्ये जाड कापडाची गुंडाळी ठेवायची. आत्ता आहे का काही?"

मी इकडेतिकडे बघितलं. मामांनी डोक्यावरचा फेटा काढला. गुलाल झटकला, पंचाला जो फेटा मान म्हणून बांधतात तो घट्ट गुंडाळला, आणि मी लेकीचे गुडघे बाजूला केल्यावर मधे ठेवला. त्यांच्या टकलावर ऊन पडलं होतं. शेजारच्या स्लॅबवरच्या लोकांनी मामांना असं बोडकं कधी बघितलं नव्हतं.

"म्याडम," मामा म्हणाले, "दिसायलेत का पाय? का आणखी उजेडात घेऊ?"

नगरच्या डॉक्टरांनी तपासून आजाराचं नाव सांगितलं. ते नाव आम्ही घरात काढत नाही, पण यावेळी लपवायला नव्हे. रोजच्या कामात त्याचा उपयोग होत नाही म्हणून. मंगळवार चालू आहेत. लेक आता हाताचा टेकू देऊन बसते. रात्री पायांना पट्ट्या बांधून झोपते आणि आपल्या भाषेत आम्हाला शिव्या देते. तोंड माझ्यावर गेलंय. ती चालेल का, हे मॅडम सांगत नाहीत आणि मी विचारत नाही. माळ्यावरचा पांगुळगाडा आत्यांनी चुलीत घालायला काढला होता, तो मामांनी परत वर ठेवला. का ठेवला, ते मला ठाऊक आहे, आणि म्हणूनच मी त्या माळ्याकडे बघत नाही.

सकाळी अंघोळीनंतर पाय जरा सैल असतात. तेव्हा मामा तिला खुर्चीवर बसवतात, पायांखाली पाट ठेवतात, आणि पाटावर स्वतःचा उजवा तळहात, उताणा. तिची टाच कधी तरी त्यावर टेकेल, म्हणून. टेकली तर वजन कळेल, म्हणतात.

"टेकली का?" आत्या चुलीपुढून विचारतात.

"न्हाई अजून," मामा म्हणतात, आणि हात तसाच ठेवतात.